निवांतच्या डबीतली गुणगुण

आमच्या घरात पिठाची गिरणी नव्हती, पण शेजारच्या शेटे काकूंना बरेच दिवस वाटायचं की आहे. एकदा तर दळणाचा डबा घेऊनच दारात आल्या. मी म्हटलं, "काकू, आत या, चहा घ्या, पण गहू परत न्या. आमच्याकडं फक्त पैंजण दळतात."

गिरणी म्हणजे ह्यांचा कॉम्प्युटर. हे म्हणजे माझे यजमान, अभिनंदन मगदूम, मूळचे हुपरीचे. हुपरीत घराघरात चांदीकाम. ह्यांच्या हातात हातोडीऐवजी माऊस आला एवढाच फरक. पैंजणाची नक्षी हे पडद्यावर काढायचे आणि मग तिथंच पडद्यावरच्या एका पायात घालून चालवून बघायचे. चढ, उतार, जिना, फुगडी, हजारो पावलं. कुठली कडी आधी झिजते, कुठलं घुंगरू अडकतं, घोट्याला कुठं टोचतं, हे सगळं चांदीचा कण न वितळवता कळायचं. ह्याला आमच्या घरात 'पैंजण चालायला सोडणं' म्हणतात. एकदा सोडलं की मशीन तापायचं आणि पंखा असा काही सुटायचा की कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू यायच्या नाहीत. वरण किती वेळा लगदा झालं त्याचा हिशेब नाही.

आता कुणीही म्हणेल, असली कामं हल्ली दूरच्या मोठ्या यंत्रांकडं पाठवतात, घरात कॉम्प्युटर तापवत कोण बसतं? पण आमच्याकडची एक रीत आहे. पहिला जोड ओतून होईपर्यंत नक्षी घराबाहेर जात नाही. सख्ख्या भावाला दाखवत नाहीत. एकदा बाहेर गेलेली नक्षी चार दिवसांत गावभर होते, आणि आता तर जगभर होते. सासरे म्हणायचे, नक्षी आणि लेक वाजतगाजतच घराबाहेर पडली पाहिजे. त्यामुळं पैंजण चालणार ते घरात, आणि पंखा गरगरणार तोही घरातच.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आवाज कमी करायचे उपाय मला सांगायला कुणी नको होतं. कॅबिनेटमधली धूळ काढली, दोन मांजरं होतील एवढी निघाली. खाली जाड फोम घातला. लहान पंखा काढून मोठा, संथ फिरणारा बसवला. मशीन भिंतीपासून लांब सरकवलं. प्रत्येक उपायानं आवाज थोडा उतरायचा, आणि हे तेवढीच जास्त अवघड नक्षी काढायचे. झालं, पुन्हा गिरणी सुरू.

आणि त्या आवाजात ह्यांचा आवाज. पंखा पूर्ण वेगात आला की एक सूर धरायचा, पेटीवरच्या काळी दोनच्या आसपास. तो सूर लागला की थोड्या वेळानं हे गुणगुणायला लागायचे, त्याच सुरात. ना धड आरती, ना धड सिनेमातलं गाणं. चार सूर वर जायचे, एका जागी जरा रेंगाळायचे आणि उतरून घरी यायचे. अवघड कडी आली की पंखा चढायचा, पंख्याबरोबर हेही चढायचे. कानावर मोठे हेडफोन, नजर पडद्यावर. आपण गुणगुणतो ह्याचा पत्ताच नाही.

"काय गाताय?" मी विचारायची.

"मी कुठं गातोय? तुझ्या कानाचं काय तरी बघ."

लग्नापासनं हेच उत्तर. मी नाद सोडून दिला होता.

मग 'निवांत' आलं. तुमच्याही घरात असेल, आता मिक्सरला असतं, एसीला असतं. आम्ही घेतलं तेव्हा नवीन होतं. एक डबी कॅबिनेटवर बसते, तिची वायर मशीनला. दुसरीकडं एक पट्टी, ती मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर लावून घेतली, कारण आवाजाचा त्रास मला व्हायचा. पट्टीत बारीक बारीक स्पीकर आणि एक माइक.

मी नववीच्या पोरांना सांगते ते इथं सांगते. आवाज म्हणजे हवेतली लाट, उंचवटा आणि खळगा, उंचवटा आणि खळगा. समोरून बरोबर उलटी लाट सोडली, म्हणजे उंचवट्यावर खळगा आणि खळग्यावर उंचवटा, की दोन्ही मिळून हवा सपाट. कानाला काहीच येत नाही. ही युक्ती जुनी आहे. निवांतची हुशारी पुढची होती. ते आवाज येण्याची वाट बघत बसत नव्हतं. मशीनवर किती भार पडलाय हे वायरीतून त्याला आधी कळायचं, त्यावरून पंखा आता किती फिरेल, मग घरात कसला आवाज होईल, हे ते रोज शिकत जायचं आणि त्या आवाजाची उलटी लाट तयार ठेवायचं. चौकटीतला माइक शेवटी तपासायचा, काही उरलं का? उरलं असेल तर पुढच्या पैंजणाच्या वेळी सुधारणा.

आठवड्याभरात घर गप्प झालं. मला कुकर ऐकू आला, समोरच्या झाडावरचा तांबट ऐकू आला. मी शेटे काकूंना मुद्दाम बोलावून शांतता दाखवली.

पुढं कधी तरी लक्षात आलं की ह्यांचं गुणगुणणंही ऐकू येत नाही. वाटलं, पंख्याचा आवाज गेला, मग हे कशाला सूर धरतील. विचारलं तर उत्तर ठरलेलं, मी कुठं गात होतो. दोन वर्षं अशीच गेली.

मग ह्यांचा घसा बसला. तंबाखू नाही, सुपारी नाही, आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही, आणि डॉक्टर म्हणाले स्वरयंत्राचा कर्करोग. काढावं लागेल. काढलं. जीव वाचला, श्वास आता गळ्याच्या खालच्या भोकातून चालतो, त्यावर एक पांढरा फडका असतो. आवाज गेला तो कायमचा.

पुण्याहून आमची लेक आर्जवी आली. पोरगी खमकी. तिनं ह्यांच्या फोनमध्ये साठलेली सगळी बोलणी गोळा केली आणि ह्यांचा आवाज करवून आणला. मनगटावर बटणांची पट्टी, शर्टाच्या खिशात बोलणारं यंत्र. हे दोन-तीन शब्द टिपतात, बाकीचं वाक्य यंत्र ह्यांच्या बोलण्याच्या सवयीवरून पुरं करतं आणि ह्यांच्याच आवाजात बोलतं. अगदी ह्यांचाच आवाज. फक्त एक घोटाळा झाला होता. माझ्याशी हे फोनवर कधी दोन मिनिटांच्या वर बोललेच नव्हते. साठलेली बोलणी सगळी गिऱ्हाइकांची. त्यामुळं यंत्र शिकलं तेही गिऱ्हाइकाशी बोलायला.

हे टिपायचे 'चहा', आणि खिसा म्हणायचा, "नमस्कार, आपल्याला सवड असेल तर चहा मिळू शकेल का?"

पहिल्यांदा आम्ही तिघंही हसलो. हे हसताना आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात. पुढं मात्र मला ते टोचायला लागलं. सकाळी उठल्यापासनं घरात एक सभ्य गृहस्थ 'आपण', 'कृपया', 'धन्यवाद' करत हिंडतोय. मला 'अगं' ऐकायचं होतं. 'तुझ्या कानाचं काय तरी बघ' हे ऐकायचं होतं. पण गिऱ्हाइकाला कोण अगं म्हणतं?

महिन्याभरानं ह्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. हुपरीचे वाईंगडे, ज्यांच्या कारखान्यात ह्यांच्या नक्षीचे जोड ओतले जातात, त्यांनी तगादा लावला होता, म्हणजे प्रेमानंच. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची आमची पद्धत, त्यामुळं उन्हं कलायला लागली की मी भाकरीला बसते. आतल्या खोलीत ह्यांनी पैंजण चालायला सोडलं. घर गप्पच होतं. मी भाकरी तव्यावर टाकली.

आणि चौकटीतनं हे गुणगुणले.

चार सूर वर, जरा रेंगाळले, उतरून घरी. माझा हात हवेत राहिला. त्या भाकरीचा कोळसा झाला. मी उठून आत धावले, आणि दोन पावलांवर आवाज नाहीसा झाला. आत हे बसलेले, कानावर हेडफोन, तोंड मिटलेलं, गळ्यावरचा फडका श्वासाबरोबर हलतोय. मी परत चौकटीत आले. गुणगुण चालू. आत गेले, नाही. बाहेर आले, आहे.

मला रडायला नाही आलं. इतका आनंद झाला की आपल्याला वेड लागलं तरी चालेल असं वाटलं. चौकटीला टेकून मी तशीच उभी राहिले. आत पंखा चढला असावा, कारण गुणगुणही चढली, आणि त्या रेंगाळायच्या जागी नेहमीसारखी जराशी घसरली. बावीस वर्षं ऐकलेली घसरण. ती कुणी मुद्दाम करू शकत नाही.

जेवणं झाल्यावर डोकं ताळ्यावर आलं आणि विज्ञानही आठवलं. निवांत ज्या आवाजासाठी शिकलं होतं तो एकट्या पंख्याचा नव्हताच. पंखा अमुक सुरावर आला की मागोमाग घरात आणखी एक आवाज येतो, त्याच सुरात, पंखा वर गेला की तोही वर जातो, हे त्यानं दोन वर्षं रोज ऐकलं होतं. त्याला काय माहीत हा पंखा आणि हा नवरा? त्यानं दोन्ही गोंगाटात धरलं आणि दोन्हीच्या उलट्या लाटा करून ठेवल्या. आता पंखा होता, त्याची उलटी लाट पंख्याला खाऊन गप्प होत होती. पण गुणगुणणारा गळा नव्हता. त्या गळ्यासाठी केलेली उलटी लाट एकटीच हवेत सुटत होती, आणि उलटी लाट एकटी असली की कानाला ती सुलटीच ऐकू येते. कानाला उंचवटा आधी की खळगा आधी, काही कळत नाही.

दोन वर्षं जे माझ्यापासून पुसलं जात होतं ते सगळं त्या डबीत साठलं होतं. हा विचार करून मी रात्रभर जागी राहिले नाही, उलट फार दिवसांनी गाढ झोपले.

दुसऱ्या वेळी हे पैंजण चालायला बसले तेव्हा मी भाकऱ्या आधीच करून ठेवल्या आणि स्टूल घेऊन चौकटीत बसले. आवाज आला. पण किंचित लांबून आल्यासारखा. तिसऱ्या वेळी आणखी लांबून. तेव्हा मी मान वर करून बघितलं. चौकटीतला माइक. तो तपासत होता ना, काही उरलं का? त्याला गुणगुण ऐकू येत होती, आणि ही तर आपणच करतोय, हे त्याच्या ध्यानात यायला लागलं होतं. दर वेळी तो थोडी थोडी कमी करत होता. म्हणजे पैंजण जितकं चालणार, तितके हे विसरले जाणार.

मी फोनवर आवाज धरून ठेवायला गेले. आर्जवीला पाठवला, म्हटलं ऐक. ती म्हणाली, "आई, ह्यात तू नाक ओढल्याचा आवाज आहे फक्त." हल्लीचे फोन, माइकमध्येच गाळणी. माणूस बोलला तर घेतात, घूं-घूं असली की कचरा म्हणून टाकून देतात. त्यामुळंच तर ह्यांची गुणगुण आमच्या एकाही व्हिडिओत नव्हती. मागं मशीन चालू असताना घरात काढलेले व्हिडिओ, त्यांतही कुठंच नाही. शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना माइक आणला. त्यात बरोबर आलं. मी ते दोनदा ऐकलं आणि ठेवून दिलं. चौकटीतला आवाज पंख्याबरोबर वरखाली व्हायचा, आत चाललेल्या कामाबरोबर वळायचा. हा साठवलेला आपला दर वेळी तसाच घसरायचा. जेवणाच्या फोटोनं पोट भरत नाही.

मग मला एकच सुचलं. पैंजण चालू द्यायचंच नाही.

ह्यांनी मशीन लावलं की मला काही तरी काम आठवायचं. बाजारात चला, डोळे तपासायला चला, आर्जवीचा फोन आलाय. एकदा म्हटलं, "द्या की पाठवून बाहेरच्या यंत्राकडं, लोक देतात." ह्यांनी असं बघितलं, जसं काही मी देवळात चप्पल घालून गेले. शेवटी मी वाईंगडेंना फोन केला आणि सांगितलं, ह्यांना काम झेपत नाही, काही दिवस थांबा. ते बिचारे लगेच म्हणाले, वहिनी, तब्येत आधी.

ह्यांना कळायचं ते कळलंच. मी शाळेतून आले तर हे दारातच उभे, चेहरा लाल.

"नमस्कार," खिसा म्हणाला. "वाईंगडे साहेबांना आपण काय सांगितलंत, ते कृपया कळू शकेल का?"

"डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून सांगितलं."

बोटं बटणांवर आपटली. "डॉक्टरांनी काम सुरू करण्यास सांगितलेलं आहे. आपण त्या वेळी उपस्थित होता."

"मला काळजी वाटते."

"आपला काही गैरसमज झालेला दिसतो. माझा गळा काढलेला आहे. हात काढलेले नाहीत." बोटं थांबली, मग हळूहळू पुढं गेली. "आपल्याला मी निकामी वाटतो का?"

इतकं रागावलेलं माणूस आणि इतका गोड आवाज. ह्यांनी हातातली पेन्सिल भिंतीवर फेकली, कारण ओरडता येत नव्हतं. मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. डबी, उलटी लाट, चौकट, सगळं. हे ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही म्हणून. मी थांबल्यावर टिपलं.

"क्षमस्व, पण मी कधीही गुणगुणत नव्हतो."

"बसा," मी म्हटलं. "इथं बसा, स्टुलावर. हेडफोन घालू नका."

आत जाऊन मी पैंजण चालायला सोडलं. परत येऊन ह्यांच्या मागं उभी राहिले. घर गप्प. मशीनला तापायला वेळ लागतो. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, बघ, नाही ना काही? आणि तेव्हाच सुरू झालं.

हे आधी दचकून मागं वळले, कोण आलं म्हणून. मग वर चौकटीकडं बघितलं. आवाज आता फार बारीक होता, पलीकडच्या घरात कुणी तरी गुणगुणत असावं तसा. पण तो रेंगाळला, घसरला, घरी आला. ह्यांचा हात गळ्यावरच्या फडक्यावर गेला, तिथं काही हलतंय का ते चाचपायला. नंतर बोटांनी मनगटावर काही तरी टिपलं. दोनच शब्द असतील.

"नमस्कार," खिसा म्हणाला, "आपण कोण बोलताय?"

"तुम्हीच की ओ," मी म्हटलं.

हे उठले, आत गेले आणि पैंजण अर्ध्यात थांबवलं.

त्यानंतर ह्यांनी मशीन लावलंच नाही. मला काही बोलले नाहीत, पण मला कळलं. माझ्यासाठी राखून ठेवत होते. एकदा टिपलं, लग्नाच्या वाढदिवसाला पाच मिनिटं लावत जाऊ. जसं काही लोणच्याची बरणी होती, सणाला एक फोड. नवीन नक्ष्या कागदावर काढायचे आणि घडी करून ठेवायचे. वाईंगडेंचा फोन आला की खिसा म्हणायचा, "सध्या शक्य होणार नाही, धन्यवाद." मग हे सोफ्यावर बसायचे. दुपारी जेवून झोपायचे, जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. दाढी दोन-दोन दिवस तशीच. आर्जवी व्हिडिओवर म्हणाली, "आई, पपा असे का दिसतायत? पेशंटसारखे?" इतके दिवस आजारी होते तेव्हा पेशंटसारखे दिसत नव्हते.

एक दिवस मी शाळेतून आले तर हे स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. व्यवस्थित, एकेक दाणा. पुढ्यात ताट, ताटाला टेकवलेला एक कागद. कागदावर नवी नक्षी. कड्यांना कड्या अशा गुंफल्या होत्या की बघताना माझी नजर चुकली. सोलता सोलता हे तिच्याकडं बघत होते. पुढ्यात बाळ असूनही त्याला उचलून घ्यायची परवानगी नाही, असं ते बघणं होतं.

मी पदर खोचला. चौकटीतला आवाज मला प्राणापेक्षा प्रिय होता, हे खोटं नाही. पण तो कुणाचा होता म्हणून प्रिय होता? तो माणूस माझ्यासमोर मटार सोलत होता, आणि मला ऐकू यावं म्हणून आतल्या आत वाळत होता.

"हे पैंजण चालतं का?" मी विचारलं.

ह्यांनी खांदे उडवले. चालवल्याशिवाय कसं कळणार?

"मग उठा की. मटार काय, मीही सोलीन."

ह्यांनी चौकटीकडं बोट दाखवलं आणि मान हलवली. नाही.

"उठा म्हणते ना."

नाही.

मी हात धुतले आणि आत गेले. ह्यांचं मशीन चालवता येतं मला थोडंफार, इतकी वर्षं बघितलंय. आजारपणापासून मशीनमध्ये अडकून पडलेल्या सगळ्या नक्ष्या मी एकामागोमाग एक लावून दिल्या. हे मागून धावत आले, माझा हात धरला. मी ह्यांच्या हातासकट सुरू करायचं बटण दाबलं.

मग आम्ही दोघं चौकटीत बसलो. हे स्टुलावर, मी उंबऱ्यावर. पहिलं पैंजण चाललं तेव्हा गुणगुण ऐकू आली, कान देऊन. दुसऱ्याच्या वेळी मला वाटलं येतेय, पण ती बहुतेक आठवणच असावी. ह्यांच्या बोटांनी माझ्या खांद्यावर ताल धरला होता, तेवढ्यावरून मला कळायचं सूर आता कुठं असेल. तिसरं पैंजण चालता चालता बोटं थांबली. बाहेर तांबट टुकटुकत होता. निवांतचं काम पूर्ण झालं होतं, घरात अगदी काहीही उरलं नव्हतं.

त्या वेळी मी रडले. जोरात, लहान पोरासारखी. शेटे काकूंना ऐकू गेलं असणार. ह्यांनी माझं डोकं धरलं आणि स्वतःच्या छातीला लावून ठेवलं. आत श्वासाची ये-जा होती आणि काळजाचे ठोके होते. सूर नव्हता. मी तरी कान लावून बसले.

मग हे उठले, आत गेले, आणि निवांतची वायर उपटली.

अरे देवा, काय तो आवाज. मी विसरलेच होते. गिरणी. चौथं पैंजण जिने चढत होतं आणि पंखा जीव तोडून फिरत होता. भांडी मांडणीवर थरथरायला लागली. हे दारात येऊन उभे राहिले, भुवया वर, विचारत होते, चालेल ना?

"चालू द्या," मी ओरडून म्हटलं. "बसा कामाला. वाईंगडेंना कळवा."

हे बसले. पाठ ताठ, मान पुढं, जुनी बैठक. हेडफोन मात्र घातले नाहीत.

उन्हं कलली होती, मी तवा ठेवला. पंखा चढत चढत त्याच्या जागेवर आला, काळी दोनपाशी, आणि तिथं स्थिर झाला. आता ह्यानंतर गुणगुण यायची. इतक्या वर्षांची सवय, कान आपोआप थांबला. काही आलं नाही. ती रिकामी जागा इतकी मोठी वाटली की मला सहन होईना. म्हणून मीच तोंड मिटून सूर धरला. चार सूर वर. माझा गळा म्हणजे शाळेत राष्ट्रगीतालासुद्धा मला मागं उभं करतात. रेंगाळायच्या जागी मी आले आणि घसरायचं ते भलतीकडंच घसरले.

दारातून दिसलं, आत ह्यांचा माऊसवरचा हात थांबला. मग बोटं मनगटावरच्या बटणांवर गेली. खूप वेळ तिथंच होती. एकेक अक्षर टिपत असणार, यंत्रानं पुरी केलेली वाक्यं खोडून खोडून.

पंख्याच्या वरून ह्यांचा आवाज आला. "अगं. सूर चढव की."

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. त्या आवाजात गिऱ्हाईक नव्हतं, नमस्कार नव्हता. मी डोळे पुसले, गालाला पीठ लागलं, आणि सूर चढवला. तो पंख्याला लागला. ह्यांच्यासारखा नाही लागला, ते आम्हा दोघांनाही कळलं. भाकऱ्या होईपर्यंत मी गात राहिले.